पाठीला लावलेला फोटो

दोंडाईचा स्टेशनातून बाहेर पडून, मिरचीच्या दुकानांवरून शिंका आवरत गावाकडे निघालं की रस्त्याला लागूनच अतिकचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, दोन माणसं आत उभी राहिली की तिसऱ्यानं रस्त्यावर थांबायचं, एवढंच. फोटोला फ्रेम करून देणारा तो गावातला सगळ्यांत जुना माणूस. लग्नांचे फोटो, देवांच्या तसबिरी, मक्का-मदिनेची चित्रं, वारलेली माणसं, शाळा-कचेऱ्यांतले पुढारी, सगळे त्याच्या हाताखालून गेलेले. गावात कुणाच्या भिंतीवर कोण चढलं आणि कोण उतरलं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. आणि गंमत बघा, इतके चेहरे हाताळले, पण चेहरा विचाराल तर त्याला आठवायचा नाही. माप विचारा. ‘बारा बाय पंधरा, काळी पट्टी, एका कोपऱ्यात ओल,’ असं तो वीस वर्षांपूर्वीच्या फोटोबद्दलसुद्धा धडाधड सांगेल.

शाळेतही हा गडी असाच होता. सातवीत असताना इतिहासाच्या सरांना त्यानं भर वर्गात विचारलं होतं, “सर, मेलेल्या माणसांच्या तारखा पाठ केल्या की पट्टी सरळ कापता येते का?” सरांनी हातावर छड्या ओढल्या. अतिकनं दप्तर टाकलं ते टाकलंच, बापाच्या दुकानात बसला. हा किस्सा तो पुढं वर्षानुवर्षं गिऱ्हाइकांना फुशारकीनं ऐकवायचा, आणि गिऱ्हाइकंही खी खी हसायची. आता नाही ऐकवत. का नाही ऐकवत, तेच सांगायला बसलोय.

त्याआधी या धंद्यातली एक रीत समजून घ्या. जुन्या फ्रेममध्ये नवा फोटो बसवायचा असला की जुना टाकून देत नाहीत. त्याला जाड पुठ्ठा असतो, तो वाया कशाला घालवायचा? जुना फोटो तसाच पुठ्ठ्यासकट नव्याच्या पाठीला लावायचा, छापलेली बाजू भिंतीकडे करायची, वर प्लाय ठोकायचा, खाकी कागद चिकटवायचा. झालं काम. नव्याला आधार मिळतो आणि जुन्याचं करायचं काय, हा प्रश्नही मिटतो. देवाचं चित्र असलं तर गिऱ्हाइकाला विचारून नदीत सोडतात. माणसांचं कोण विचारतंय? दोंडाईच्यातल्या कितीतरी भिंतींवर एका चेहऱ्याच्या मागं दुसरा चेहरा दडून बसलाय, आणि हे फक्त फ्रेमवाल्यांनाच माहीत.

आता अतिकची आई, कनीजबी. वय चौऱ्याऐंशी, कमरेत वाकलेली, पण जीभ अशी तिखट की गल्लीतली पोरं तिच्या ओट्यासमोरून सायकल हळू चालवायची. या बाईला आयुष्यात मिजास एकाच गोष्टीची: ती चौथी पास होती. तिच्या वयाच्या बायकांत सही करणारी अख्ख्या मोहल्ल्यात दुसरी नव्हती. सासरी गेलेल्या पोरींची पत्रं तिनंच वाचून दाखवायची. एकदा शेजारणीचा दीर जमिनीच्या कागदावर वहिनीचा अंगठा घ्यायला आला, तेव्हा कनीजबीनं कागद हिसकावून मोठ्यानं वाचला आणि त्याला पायताण दाखवलं. “चौथी शिकलेय मी,” असं म्हणताना तिची मान अशी ताठ व्हायची की बघणाऱ्याला वाटावं, बाई वकिलीच शिकून आलीय.

ही चौथी तिला दिली लाडकुंवरबाईनं. मारवाडी घरातली बाई, एकोणिसाव्या वर्षी विधवा झालेली. सासऱ्याची मिरचीची वखार होती. त्या काळी अशा बाईनं करायचं काय, तर मागच्या खोलीत बसून धान्य निवडायचं आणि दिवस मोजायचे. हिनं ती खोली झाडली, मिरचीची रिकामी पोती अंथरली आणि गावातल्या पोरी गोळा केल्या. पहिल्या दिवशी चार आल्या, वर्षाच्या शेवटी बारा झाल्या. कनीजचा बाप गळके कंदील आणि डबे झाळून द्यायचा. त्याच्या टपरीसमोर बाई स्वतः येऊन उभी राहिली, पदर कपाळाच्या खाली ओढलेला. म्हणाली, “मियाँ, ही पोर मला रोज दोन तास द्या. मुलगी म्हणून नेते, मुलगी म्हणूनच परत देईन.” बापानं दिली.

तीच शाळा पुढं वाढली. बाई म्हातारी होऊन वारली. मग एक्याण्णव साली एका संस्थेनं शाळा ताब्यात घेतली, नवी इमारत बांधली, आणि संस्थेच्या चेअरमननं आपल्या वडिलांचं नाव दिलं. फाटकावर ही मोठी पाटी लागली: ‘प्रेमराजशेठ विद्यालय. संस्थापक कैलासवासी प्रेमराजशेठ.’

कनीजबी लाडकुंवरबाईची गोष्ट जन्मभर सांगत आली आणि अतिक जन्मभर ऐकत आला. ऐकत म्हणजे कसा, स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टी ऐकतो तसा. शिट्टी झाली एवढं कळतं, आत काय शिजतंय ते कोण बघतो!

घरात आणखी दोघीजणी. अतिकचा मुलगा शेहजाद सुरतेला कामाला असतो. त्याची बायको नाजमीन आणि मुलगी अफरीन इथंच राहतात. अफरीन सातवीला, त्याच प्रेमराजशेठ विद्यालयात. अतिकला ती दादा म्हणते आणि पणजीला बडीअम्मी. घरात ही माणसं हिंदी आणि अहिराणीची खिचडी बोलतात, आपण ती इथं जरा सरळ करून ऐकू.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी अफरीनला शाळेतून प्रकल्प मिळाला: माझ्या शाळेचा इतिहास. रविवार होता, दुपारची जेवणं चालली होती. पोरीनं वही आणून एका दमात वाचून दाखवलं. “आमच्या शाळेची स्थापना कैलासवासी प्रेमराजशेठ यांनी केली. ते थोर शिक्षणप्रेमी होते.”

“कुणी केली?” कनीजबीचा घास हातातच राहिला.

“प्रेमराजशेठनी. पाटीवर लिहिलंय, बडीअम्मी.”

“अगं, प्रेमराज शेंगा विकायचा! शाळा माझ्या बाईनं काढली. खोड ते.”

“सर म्हणाले, पाटीवर आहे तेच लिहा. नाहीतर मार्क जातात.”

“म्हणजे मी काय खोटं बोलते?”

पोरीनं वही मिटली. वय बाराचं, तिनं तरी काय बोलावं? पणजी म्हणते एक आणि सिमेंटच्या पाटीवर सोनेरी अक्षरांत आहे दुसरंच. पोरीनं पाटीवर भरवसा ठेवला, यात तिचा दोष नाही. पण म्हातारीला ते लागलं. एवढ्या वर्षांत तिच्या चौथीवर कुणी बोट ठेवलं नव्हतं.

“पुरावा आहे माझ्याकडे,” कनीजबी म्हणाली. “साहेब तपासणीला आले तेव्हा धुळ्याहून फोटोवाला बोलावला होता. बाई खुर्चीवर बसलेली आणि आम्ही बाराजणी. डावीकडून तिसरी मी. तो फोटो हेडसरांच्या खोलीत लावलाय, सागवानी फ्रेममध्ये. जाऊन बघ.”

“तिथं एकच फोटो आहे,” अफरीन हळूच म्हणाली. “प्रेमराजशेठचा. फ्रेम सागवानी आहे.”

अतिकनं तोंडाशी नेलेला पाण्याचा पेला खाली ठेवला.

त्याला चेहरे आठवत नाहीत, पण मापं आठवतात. अठरा बाय चोवीस, सागवानी, कोपऱ्यांत पानांची नक्षी. एक्याण्णव साल. तेव्हाचे हेडसर फ्रेम घेऊन स्वतः दुकानात आले होते. म्हणाले, “अतिक, लाकूड भारी आहे, हीच वापर. यात शेठजींना बसव.” अतिकनं विचारलं होतं, “जुन्याचं काय करू?” “तुझं तू बघ,” सर म्हणाले. त्यानं बघितलं. काय बघितलं, तर पुठ्ठा किती जाड आहे ते. बायका-मुलींचा कसलासा जुना फोटो होता. उलटा करून शेठजींच्या पाठीला लावला, प्लाय ठोकला, आणि त्याच दिवशी शाळेत पोचवला. आई घरी बसून ज्या फोटोची गोष्ट सांगायची, तोच हा, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. अहो, येणार कसं? गोष्ट कधी कानात शिरलीच नव्हती!

त्या दुपारी त्यानं तिथल्या तिथं सांगून टाकायला हवं होतं. ‘अम्मी, तो फोटो आहे, माझ्याच हातानं मागं गेलाय, उद्या काढून आणतो.’ एवढंच तर होतं. पण हा माणूस पाणी प्यायला आणि उठून हात धुवायला गेला.

का बोलला नाही? एक म्हणजे लाज. दुसरं म्हणजे भीती. संस्थेच्या सगळ्या शाळांचं काम त्याच्याकडे. तिथं जाऊन म्हणायचं की तुमच्या शेठजींना खाली उतरवा, मला त्यांची पाठ उघडून बघायचीय? आणि म्हणणारा कोण, तर अतिक. दिवस असे आहेत की लोक मोबाइलवर काय फिरवतील आणि कशाचं काय होईल, सांगता येत नाही. खोटं कशाला बोला, भीती अगदीच बिनबुडाची नव्हती. पण आई रोज विचारायची, “गेलास का शाळेत? आहे का फोटो?” आणि हा रोज म्हणायचा, “उद्या जातो.” उद्या, उद्या करत आठ दिवस गेले. म्हातारी रोज सकाळी अफरीनला सांगायची, “दोन पानं कोरी ठेव. फोटो आला की लिहू.”

मग त्यानं एक पळवाट काढली. लाडकुंवरबाईच्या घरच्यांकडे दुसरी प्रत असेल तर? शेठजींना हातही लावायला नको. चौकशी केली तेव्हा कळलं की वखार केव्हाच विकली गेली, बाईच्या दिराचा नातू निर्मलकुमार जळगावला पिंप्राळ्यात असतो, भांड्यांचं दुकान चालवतो. अतिकनं सकाळची गाडी पकडली.

निर्मलकुमार माणूस भला. दुकानाच्या मागंच घर, आत नेऊन बसवलं, चहा दिला. लाडकुंवर हे नाव ऐकून बराच वेळ छताकडे बघत राहिला.

“असेल कुणीतरी काकी-आजी. आमच्यात नावं कुठं लक्षात राहतात? विधवांचे फोटो काढायची पद्धतच नव्हती हो.”

“त्यांनी शाळा काढली होती, शेठ.”

“आमच्या घरातल्या बाईनं? शाळा?” तो हसायला लागला, पण अतिकचं तोंड बघून थांबला. त्यानं कॉलेजला जाणाऱ्या आपल्या मुलीला, विधीला, हाक मारली. तिनं मोबाइलवर नाव टाकलं, दोंडाईचा टाकलं, शाळा टाकलं. प्रेमराजशेठ विद्यालयाचा पत्ता आला आणि फाटकाचा फोटो आला.

“अंकल, असं काही नाहीये,” विधी म्हणाली. मग जरा थांबून तिनं विचारलं, “खरंच आमच्यातली होती का ती? मला आणखी सांगा ना.”

अतिकनं तोंड उघडलं आणि त्याच्या लक्षात आलं की त्याच्याकडे सांगायला काही नाही. बाई कशी दिसायची? काय शिकवायची? रागवायची का? आईनं शंभर वेळा सांगितलं असेल. त्याला आठवत होती ती फक्त पोती. “माझ्या आईला सगळं माहीत आहे,” तो म्हणाला. “तिला विचारून सांगतो.” पोरीनं नंबर दिला.

तो इकडे पिंप्राळ्यात चहा पीत होता, तेव्हा तिकडे कनीजबी अफरीनचा हात धरून शाळेत पोचली होती. मुलगा उद्या-उद्या करतोय, मीच जाते म्हणाली. नाजमीननं नको नको म्हणून पाहिलं, पण म्हातारीनं ठेवणीतला बुरखा काढला, चष्मा पुसला आणि निघाली.

पुढचं अतिकला अफरीननं सांगितलं. हेडसर हल्लीच बदलून आलेले, पिंपळनेरकडचे. त्यांनी उठून खुर्ची दिली, पाणी मागवलं. बडीअम्मी बसली नाही. शेठजींच्या फोटोसमोर उभी राहून म्हणाली, “साहेब, या जागी माझ्या बाईचा फोटो होता.” सरांनी कपाटातली रजिस्टरं काढून दाखवली. सगळ्यांत जुनं एक्याण्णवचं. ते समजुतीनं म्हणाले, “आजी, त्याआधीचं रेकॉर्डच नाही आमच्याकडे. तुमची दुसरी शाळा असेल. या वयात होतं असं.” सर वाईट वागले नाहीत. पण टेबलाशी बसलेला कारकून हसला. आणि बडीअम्मीनं ते पाहिलं.

दीड हाताच्या अंतरावर, शेठजींच्या पाठीमागं, दहा वर्षांची कनीज भिंतीकडे तोंड करून उभी होती. बाहेर चौऱ्याऐंशी वर्षांची कनीज ओरडून सांगत होती की मी होते. मधे होते फक्त शेठजी, अतिकनं बसवलेले.

संध्याकाळी अतिक परतला तेव्हा आई भिंतीला टेकून बसली होती. तिनं फोटोचं विचारलं नाही. अफरीनला म्हणाली, “त्या कोऱ्या पानांवर पाटीवरचंच लिही. माझंच काहीतरी चुकलं असेल.”

“बडीअम्मी, तू म्हणत होतीस ना…”

“म्हातारपणी माणूस काहीही बोलतं. लिही.”

अतिकनं हे ऐकलं. तरीही तो बोलला नाही. उद्या सकाळी पहिलं काम हेच, असं मनाशी म्हणाला. या माणसाचा राग येतो हो! एक वाक्य, फक्त एक, त्या घटकेला बोलला असता तर म्हातारी उभी राहिली असती. सकाळी चहा घेताना कनीजबीच्या हातून कप पडला. तोंड वाकडं झालं, उजवा हात लुळा पडला. रिक्षा, मग गाडी, मग धुळ्याचा दवाखाना.

बारा दिवस ती तिथं होती. हाताला हळूहळू हालचाल आली, बोलणंही परतलं. पण डॉक्टर म्हणाले, डोक्यातल्या काही जागा गेल्या आहेत, त्या परत येतील असं धरून चालू नका. घरी आणली तेव्हा ती अतिकला ओळखत होती, नाजमीनला ओळखत होती, अफरीनला कधी शेहजादची बहीण समजायची. नमाज तोंडपाठ होती. गेलं होतं ते फार जुनं, लहानपणचं, आणि त्याच्या आसपासचं सगळं.

दुसऱ्या दिवशी अतिकनं पक्कड घेतली आणि शाळेत गेला. आता त्याला कसली भीती? जे व्हायचं ते होऊन बसलं होतं. व्हरांड्यात जीवराम शिपायानं अडवलं. तीस वर्षं शाळेत नोकरी झालेला, अतिकच्या ओळखीचा.

“काय शे अतिकभाऊ? पक्कड कसाले आणी?”

“शेठजींना खाली घ्यायचंय.”

“येडा व्हई ग्या का? बठ्ठा गावमा बोंब व्हई!”

अतिक सरळ हेडसरांसमोर जाऊन उभा राहिला आणि एक्याण्णवपासूनचं सगळं सांगितलं. स्वतःला न वाचवता सांगितलं. सर ऐकत राहिले, मग उठून त्यांनी स्वतः खोलीचं दार लावलं आणि जीवरामला स्टूल आणायला सांगितलं.

टेबलावर फ्रेम पालथी ठेवली. खाकी कागद फाडला. खिळे एकेक करून काढले. प्लाय उचलताना कुठंतरी चिकटल्यासारखा वाटला, अतिकनं श्वास धरून सुरी फिरवली, पण उजव्या बाजूनं चर्र झालं. त्या भिंतीच्या मागं पाण्याची टाकी. इतक्या वर्षांची ओल पाझरून फोटोची उजवी बाजू प्लायला चिकटून बसली होती, आणि उरलेलं कसरीच्या किड्यांनी खाल्लं होतं. खुर्ची दिसत होती. मांडीवर ठेवलेले दोन हात दिसत होते, हातात पाटी. पदराची एक कड. त्याच्या वर काही नाही. लाडकुंवरबाईचा चेहरा प्लायवर राहिला होता, आणि तिथं फक्त तपकिरी भुकटी होती.

डावीकडच्या पाच मुली मात्र शाबूत होत्या. तिसरी मुलगी दोन वेण्या घातलेली, झगा घोट्यापर्यंत, हनुवटी वर. अतिकनं आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या फोटोत माप न बघता चेहरा बघितला. आईच होती. तीच मान. खाली पुठ्ठ्यावर शाईनं लिहिलेलं होतं: ‘कन्याशाळा, दोंडाईचे, सन १९५०. संस्थापिका श्रीमती लाडकुं’, आणि पुढं कसरीची भोकं.

हेडसरांनी चष्मा काढला. “मी त्यांना म्हणालो होतो, दुसरी शाळा असेल,” ते म्हणाले. मग त्यांनी मोबाइलवर फोटोचा फोटो काढला, संस्थेच्या मीटिंगमध्ये विषय मांडतो म्हणाले. मांडलाही असेल. पाटी अजून तीच आहे. अफरीनच्या प्रकल्पाला दहापैकी नऊ मार्क आधीच मिळून गेले होते.

अतिकनं शेठजींना नवा पुठ्ठा घालून परत भिंतीवर चढवलं आणि जुना फोटो छातीशी धरून घरी आला. वाटभर तो मनात एकच घोकत होता, अल्ला, एवढं तिला ओळखू दे, बाकी काही मागत नाही.

कनीजबी ओट्यावर उन्हात बसली होती. अतिक तिच्या पायाशी बसला, फोटो तिच्या मांडीवर ठेवला. “अम्मी, माफ कर मला. हा मीच लपवला होता. बघ, तू खरं बोलत होतीस.”

तिनं चष्म्यातून बघितलं. हातांवर बोट ठेवलं, पाटीवर ठेवलं. “कुणाच्या घरचा आहे?” तिनं विचारलं, पाहुण्यांकडचा अल्बम बघताना विचारतात तसं.

अतिकनं विधीला फोन करायचं कबूल केलं होतं, ‘आईला विचारून सांगतो’ म्हणाला होता. आता तो कुणाला विचारणार होता? गावात त्या बारापैकी दुसरी कुणी उरली नव्हती. बाई रागवायची का, हसायची का, पहिलं अक्षर कोणतं शिकवलं, सगळं या एका डोक्यात होतं. आणि तो साठ वर्षं त्या डोक्याशेजारी जेवला होता, झोपला होता.

तेवढ्यात अफरीन दप्तर टाकून पणजीजवळ येऊन बसली. तिनं फोटो बघितला आणि तिला न विचारताच समजलं. “बडीअम्मी, ही लाडकुंवरबाई,” ती म्हणाली. “तिच्या घरात दुसऱ्या जातीच्या मुलींना पाणी द्यायचे नाहीत. म्हणून तिनं शाळेचा माठ बाहेर ठेवला, आणि पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर ती स्वतः त्यातलं पाणी प्यायली. मग सासूनं तिला तीन दिवस जेवायला दिलं नाही.”

अतिक बघतच राहिला. “तुला कुणी सांगितलं हे?”

“बडीअम्मीनंच. झोपताना सांगायची.” पोरीचा आवाज बारीक झाला. “मला माहीत होतं, दादा. तरी मी पाटीवरचं लिहिलं.”

“मग?” कनीजबीनं विचारलं. तिला गोष्ट आवडली होती. “पुढं काय झालं त्या बाईचं?”

अफरीन सांगत गेली. जेवढं आठवत होतं तेवढं सांगितलं, अडली तिथं थांबली, पुन्हा सुरू केलं. म्हातारी मान डोलवत ऐकत होती, मधेच ‘हो का’ म्हणत होती, मधेच ‘बिचारी’. मग तिनं डावीकडून तिसऱ्या मुलीवर बोट ठेवलं. “ही बघ कशी ऐटीत उभी आहे. काय नाव हिचं?”

“कनीज,” अफरीन म्हणाली.

“माझंही नाव तेच!” म्हातारीला मोठी मौज वाटली. ती दात नसलेल्या तोंडानं हसली, मग हसता हसता थांबली आणि तिनं फोटो हळूच अफरीनच्या मांडीवर सरकवला. “पण मी नाही गं ती. आम्हाला कुणी घातलं शाळेत?”